मृगाआधीचा पैसा



आपण जिथे जमलो आहोत ते गारखेडा एकेकाळचे खेडे. शहर वाढले आणि त्याने ते पोटात घेतले. आता खेडे फक्त नावात उरले आहे आणि कापूस चौकाच्या नावात. सूतगिरणी चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावामागचे बोंड दिसते, कोण जाणे. पण या चौकापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री, सिल्लोड हे तालुके आहेत. तिथल्या तीन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या घरांविषयी आज बोलायचे आहे. प्रश्न साधा आहे. अशा घराच्या बँक खात्यात सरकारने थेट पैसे टाकले, तर त्या घरात नेमके काय होते? या प्रश्नावर आपल्याकडे दोन तट पडले आहेत. एका तटाला हा पैसा म्हणजे मतांची खरेदी वाटते, तर दुसऱ्याला तो उपकार वाटतो. दोघेही रकमेवरून भांडतात. माझे म्हणणे असे की, रकमेइतक्याच, किंबहुना तिच्याहून मोलाच्या दोन गोष्टी या भांडणात दिसेनाशा होतात. पैसा कोणत्या तारखेला येतो ही पहिली आणि कोणाच्या नावावर येतो ही दुसरी.

आधी रक्कम पाहू, म्हणजे ती बाजूला ठेवता येईल. पीएम-किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूरला सुरू झाली. तिच्यात वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून त्यात तेवढीच भर घातली. त्याचा पहिला हप्ता त्या वर्षी २६ ऑक्टोबरला शिर्डीत सुटला. म्हणजे शेतकरी कुटुंबाला वर्षाला १२,००० रुपये. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न ११,४९२ रुपये होते आणि त्यात मजुरी, जनावरे, किरकोळ धंदा असे सगळेच आले. त्यानंतर महागाई वाढली, उत्पन्नाचे आकडेही थोडे पुढे सरकले असतील. तरी ढोबळ मानाने असे म्हणता येईल की या दोन योजना मिळून शेतकऱ्याला वर्षात एक जादा महिना देतात. आपल्या पंचांगात असा महिना असतोच, त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. तो कधी चैत्राला चिकटून येतो, कधी श्रावणाला. पण पंचांगकर्त्याला तो कुठे घालायचा याचे गणित ठाऊक असते. सरकारच्या या तेराव्या महिन्याला असे गणित नाही. माझ्या युक्तिवादाचे मूळ तिथे आहे.

पगारदार माणसाचे वर्ष बारा सारख्या तुकड्यांचे असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष तसे नाही. दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन आणि कापूस घरात येतो तेव्हा काही आठवडे हातात नोटा असतात. त्यातून कृषी सेवा केंद्राची उधारी, सोसायटीचे देणे, दवाखाना आणि लग्नकार्य भागते आणि चैत्र-वैशाखात हात रिकामे होतात. नेमके तेव्हाच नांगरट, बी आणि खत यांसाठी पैसे लागतात. मृग निघायच्या आत एकरभर कापसासाठी बीटी बियाण्याची साधारण दोन पाकिटे घ्यावी लागतात. २०२५ च्या हंगामात पाकिटाचा दर ९०१ रुपये होता, म्हणजे दोन पाकिटांचे १,८०२. डीएपीची गोणी १,३५० रुपयांची. पीएम-किसानचा एक हप्ता म्हणजे दोन पाकिटे सरकी आणि वर चहापाणी. ही रक्कम क्षुल्लक आहे असे शहरात बसून म्हणता येते, पण ती नसली की काय होते ते पाहावे. बी उधारीवर घेतले की दुकानदार देईल तो वाण आणि सांगेल तो भाव. हातउसने घेतले तर शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. शिवाय ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच माल घालायचा, हे बोलून न दाखवलेले कलम. बँकेतही तेच. मुदतीत फेडणाऱ्याला पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. पण मुदतीला पाच-दहा हजार कमी पडले की सवलत गेली. म्हणून ‘नवे-जुने’ करायला चार दिवसांसाठी खासगीतून पैसे उचलायचे, बँकेत भरायचे आणि नवे कर्ज मंजूर झाले की परत करायचे. गरिबी म्हणजे पैशांची कमतरता हे खरेच आहे. पण शेतीतली गरिबी बऱ्याचदा ठरावीक सहा आठवड्यांतली कमतरता असते आणि तिचे व्याज वर्षभर चालते.

आता या सहा आठवड्यांशी हप्त्यांच्या तारखा ताडून पाहा. पीएम-किसानच्या कागदावर एप्रिल ते जुलै हा पहिला टप्पा आहे. २०२२ मध्ये या टप्प्याचा पैसा ३१ मे रोजी आला, मृगाच्या आठवडाभर आधी. याहून चांगला मुहूर्त नाही. २०२३ मध्ये तोच पैसा २७ जुलैला आला, तेव्हा पेरण्या उरकून डवरणी सुरू होती. २०२४ मध्ये १८ जूनला. २०२५ मध्ये तर २ ऑगस्टला, म्हणजे टप्पा संपल्यावर. शिमला, सीकर, वाराणसी आणि पुन्हा वाराणसी अशी या चार हप्त्यांची समारंभस्थळे. कळ दाबण्याचा कार्यक्रम कुठे आणि कधी, यावर हप्ता ठरतो. पाऊस आणि पेरणी यांना त्या नियोजनात जागा नाही. चार वर्षांत रुपया तेवढाच राहिला, पण एका वर्षी तो बियाणे झाला, दुसऱ्या वर्षी युरिया आणि तिसऱ्या वर्षी आधीच केलेल्या उधारीचा तुकडा. शेतकऱ्याला तो कधी येणार हे माहीत नसल्यामुळे त्याच्या भरवशावर काही ठरवताही येत नाही. दुकानदाराला ‘अमक्या तारखेला देतो’ असा शब्द देता आला, तरी भाव करण्यात थोडे बळ येते. मोघम पैशाला ते बळ नसते.

सरकारी तारीख आणि शेताची तारीख यांचे हे वैर नवे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखते बाहेर काढून जाळली आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्या उठावाची कारणे पुष्कळ आहेत. पण शेतसाऱ्याचा हप्ता पिकाचा पैसा हाती येण्याआधी भरावा लागे आणि त्यासाठी सावकाराचे दार धरावे लागे, ही त्या काळातली मोठी तक्रार होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो इतिहास जशास तसा इथे लावता येणार नाही. पण त्यातला सांगाडा ओळखीचा आहे. तेव्हा सरकार चुकीच्या वेळी घेत होते, आज चुकीच्या वेळी देते.

वेळेचा हा मुद्दा नुसत्या तर्काचा नाही. पीएम-किसानच्या सुरुवातीच्या काळात उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांचा एक अभ्यास झाला. हंगामाच्या ऐन भरात ज्यांना हप्ता मिळाला त्यांनी तो मुख्यतः शेतीत घातला आणि बिगरहंगामात मिळाला त्यांनी तो घरखर्चाला वापरला, असे त्यात दिसले. माणसे त्याच वर्गातली आणि रक्कमही तीच. फरक फक्त महिन्याचा. घरखर्चाला वापरला म्हणजे वाया गेला असे मी म्हणत नाही. पण शेतीसाठी म्हणून दिलेला पैसा शेतीत का दिसत नाही, असे विचारणाऱ्यांनी आधी तारीख विचारावी. याहून उद्बोधक दाखला झांबियाचा आहे. तिथे पावसाळ्यातल्या टंचाईच्या महिन्यांत लहान शेतकऱ्यांना धान्य किंवा रोख रक्कम कर्जाऊ दिली गेली. परिणाम असा झाला की ते दुसऱ्याच्या शेतावर कमी गेले, स्वतःच्या शेतात जास्त राबले, पीक वाढले आणि गावातली मजुरीही वाढली. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला झांबिया लागत नाही. आषाढात स्वतःच्या तुरीत तण माजलेले असते आणि नवरा-बायको रोजाने दुसऱ्याच्या कपाशीत खुरपत असतात, कारण रोजाचे पैसे आठवड्याच्या बाजाराला लागतात. त्या दोन आठवड्यांत घरी राहता आले तर एकरी उतारा वाढतो. पैशाने इथे बी घेतले नाही, खत घेतले नाही. स्वतःच्याच कष्टाची वेळ सोडवून घेतली. मध्य प्रदेशातही, इंदूर भागातल्या गावांत ‘सेवा’ संघटनेने २०११ नंतर असा प्रयोग केला. सुरुवातीला प्रौढाला महिना २०० आणि मुलाला १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०. सहा हजारांहून अधिक माणसांना काही अट न घालता रोख रक्कम मिळत होती. तिथेही मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे आणि जनावरांकडे वळणे दिसले.

केनियातल्या प्रयोगांची चर्चा जगभर झाली. त्यातली एक बारीक गोष्ट आपल्या कामाची आहे. काही घरांना रक्कम महिन्याच्या महिन्याला दिली, काहींना एकदम. महिन्याची रक्कम ताटात गेली, खाण्याची चिंता कमी झाली. एकरकमी पैसा छपरावरच्या पत्र्यांत आणि तशाच टिकाऊ वस्तूंत गेला. गवताचे छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारायचा खर्च वाचतो, म्हणून तो पत्राही गुंतवणूकच होती. मेक्सिकोत ग्रामीण गरीब कुटुंबांनी मिळालेल्या दर रुपयातले सुमारे २६ पैसे जनावरे, अवजारे अशा उत्पन्न देणाऱ्या गोष्टींत गुंतवले. त्या पैशावर ‘गुंतवा’ अशी अट नव्हती. तेव्हा पैसा कसा वाटून द्यायचा याचे एकच उत्तर नाही. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये किराणा, दवाखाना, मुलांची फी यांचा ताण हलका करतील. पेरणीसाठी मात्र गठ्ठ्यानेच आणि आधी पैसा हवा. दोन्हींना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच मातीतला आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात ‘भीक नको, घामाचे दाम हवे’ ही मागणी गावोगाव नेली. त्या दृष्टीने पाहिले तर सरकार निर्यातबंदी आणि आयातीने भाव पाडते, शेकड्यातले वीस काढून घेते आणि वर्षाअखेर दोन परत करून ‘सन्मान’ म्हणते. हा आक्षेप मी नाकारत नाही. भाव पाडणारी धोरणे तशीच ठेवून हप्ते वाटणे म्हणजे एका हाताने फोडायचे आणि दुसऱ्याने मलम लावायचे. पण दाम आणि रोकड यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात एक गफलत आहे. दाम मिळवायलाही दम धरावा लागतो आणि दम धरायला घरात रोकड असावी लागते. २०२४ चे सोयाबीन आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदी केंद्रे होती, पण तिथे आधी नोंदणी, मग ओलाव्याची अट, जी नोव्हेंबरात १२ वरून १५ टक्क्यांवर आणावी लागली, मग बारदान्याची वाट आणि शेवटी पैशाची वाट. दहा क्विंटल माल असलेल्याचे या रांगेत न थांबल्याने आठ-नऊ हजार गेले. तो का थांबला नाही? त्याला हमीभाव माहीत नव्हता असे नाही. त्याला गव्हाचे बी घ्यायचे होते, मजुरांचे द्यायचे होते आणि दिवाळी तोंडावर होती. हमीभाव ज्याच्याकडे महिनाभराचा खर्च आहे त्यालाच मिळतो. केनियात मक्याच्या काढणीच्या वेळी शेतकऱ्यांना कर्ज देऊन पाहिले, तेव्हा त्यांनी माल साठवला, भाव चढल्यावर विकला आणि चांगली कमाई केली. आपल्याकडे थांबूनही भाव चढेलच असे नाही, सोयाबीनने ते अनेकदा दाखवले आहे. पण कधी विकायचे हा निर्णय तरी मालकाचा राहील.

दारूचा आक्षेप लवकर निकालात काढता येतो. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी निरनिराळ्या देशांतले १९ अभ्यास तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना आढळले नाही. गुत्त्यावर पैसे उडवणारा माणूस प्रत्येक गावात आहे, पण तो हप्त्याची वाट पाहून पीत नाही. आळसाचा आक्षेपही तसाच. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात योजनांचा हिशेब घेतला. मदत मिळते म्हणून लोकांनी काम सोडले, असे त्यांत दिसले नाही. मात्र ‘लाडकी बहीणमुळे बायका खुरपायला मिळत नाहीत’ ही बागायतदारांची तक्रार केवळ खोटी म्हणून उडवून लावू नये. झांबियात मजुरी वाढलीच होती. मजुराला रोजासाठी नाही म्हणता येऊ लागले की रोज वाढतो आणि तो कोणाच्या तरी खिशातून जातो. त्या कोणाला तो आळस दिसणार, हे ओघाने आले.

तिजोरीचा प्रश्न खरा आहे. लाडकी बहीण योजनेचा पहिल्या वर्षाचा अंदाज ४६,००० कोटी रुपयांचा होता. एवढ्या पैशात किती सिंचन होईल, किती गोदामे होतील, हा हिशेब विचारलाच पाहिजे. मराठवाड्याने तर जास्तच. यावर माझे उत्तर अर्धेच आहे. धरणातले पाणी कालव्याने टोकाच्या शेतापर्यंत पोचायला इथे पिढ्या गेल्या आणि त्या पिढ्यांनी दरवर्षी पेरणी केलीच. शिवाय तुलना करायचीच तर कर्जमाफीशी करावी. २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या झाल्या. माफीचा लाभ ज्याला बँकेने कर्ज दिले त्यालाच मिळतो. सावकाराच्या वहीतला शेतकरी बाहेर राहतो आणि ज्याने वेळेवर फेडले तो मूर्ख ठरतो. माफी हंगाम बुडाल्यावर येते. आपत्तीची मदतही तशीच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याची शेती पाण्याखाली गेली. ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये धरले होते. ते हवेच होते. पण बुडाल्यावरचा पैसा खड्डा बुजवतो. पेरणीआधीचा पैसा त्याच हंगामात काही उगवू शकतो.

ही कल्पना माझी नाही आणि परदेशातलीही नाही. आपल्या याच शहरातल्या विभागीय आयुक्तालयातून ती निघाली होती. सुनील केंद्रेकर विभागीय आयुक्त असताना मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांचे मोठे सर्वेक्षण झाले. त्यातून २०२३ मध्ये शिफारस पुढे आली ती अशी की, प्रत्येक हंगामात पेरणीआधी एकरी दहा हजार रुपये थेट द्यावेत. त्या एका वर्षात मराठवाड्यात हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. शेजारच्या तेलंगणाने २०१८ मध्येच रयतु बंधू योजनेत हंगामाला एकरी ४,००० आणि पुढे ५,००० रुपये द्यायला सुरुवात केली होती. केंद्रेकरांच्या शिफारशीतल्या दहा हजारांची चर्चा झाली, ‘पेरणीआधी’ या शब्दाची झाली नाही. मला त्या शिफारशीत तो शब्दच मोलाचा वाटतो. तिजोरीला दहा हजार झेपणार नसतील तर न झेपोत. आज जे सहा अधिक सहा दिले जातात, त्यातला मोठा वाटा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दरवर्षी, ठरलेल्या तारखेला दिला तरी बरेच बदलेल.

तेलंगणाच्या योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथे पैसा एकराच्या मालकाला गेला, कसणाऱ्याला नाही. ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, आणि बटाईने करणाऱ्याला काही नाही. इथे नावाचा प्रश्न येतो आणि तो तारखेपेक्षा अवघड आहे. पीएम-किसानला सातबारा लागतो. देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी स्त्रियांची खाती सुमारे १४ टक्के आहेत. खुरपणी, वेचणी, जनावरांचे शेणपाणी त्यांच्याकडे आणि उतारा घरधन्याकडे. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावले. हप्त्यांच्या राज्यात त्या कार्यक्रमाचे काय होते पाहा. ज्या स्त्रीला दोन्ही शेतकरी योजनांचे मिळून महिना १,००० रुपये पडतात, तिला लाडकी बहीणमधून फक्त वरचे ५०० मिळतात. अशा स्त्रिया पावणेआठ लाखांच्या घरात असल्याचे सरकारनेच सांगितले आहे. आता दोन शेजारी घरे घ्या. एका घरात जमीन नवऱ्याच्या नावे. त्याला शेतीचे हजार, तिला बहिणीचे दीड हजार, एकूण अडीच. दुसऱ्या घरात नवऱ्याने लक्ष्मीमुक्ती केली, जमीन तिच्या नावे. त्या घराला एकूण दीड. बायकोचे नाव उताऱ्यावर लावल्याबद्दल महिना हजार रुपये दंड! कोणी ठरवून हे केले असेल असे वाटत नाही. पण ज्या गावात नाव लावायला आधीच खळखळ होते, तिथे हा हिशेब तलाठ्याच्या कचेरीबाहेर नक्कीच मांडला जात असणार.

बटाईदाराचे कोडे याहून चिवट आहे. ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीन आणि वाटेकरी यांना आत घेतले. आपल्याकडे साधनही आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतातले पीक मोबाईलवरून नोंदवता येते. प्रत्यक्ष कोण पेरतो हेही नोंदवायचे ठरवले तर तंत्र आडवे येणार नाही. आडवी येते ती भीती. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागू आहे. वाटेकऱ्याचे नाव एकदा कागदावर चढले की उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल, या धास्तीने मालक त्याचे नाव कुठेच लागू देत नाही. मालकही नेहमी मोठा बागायतदार नसतो. पुष्कळदा तो वाळूजच्या कारखान्यात कामाला लागलेला, दोन एकरांचा धनी असतो आणि तेवढ्या दोन एकरांवर त्याचाही जीव असतो. म्हणून सौदा तोंडी होतो. पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला सुटतो. या दोन पाडव्यांमध्ये ती जमीन नांगरणाऱ्याने बी उधारीवर आणलेले असते, आणि त्या जमिनीचा हप्ता वाळूजजवळच्या भाड्याच्या खोलीतल्या मोबाईलवर संदेश होऊन येतो.